डोळा कुणाच्या झाडाचा?

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आमच्या वरूड भागातल्या रस्त्यांवर एक देखावा हमखास दिसतो. टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून संत्र्याची कलमे चाललेली असतात. मुळांना चिखल फासलेला, त्यावर ओले गवत किंवा गोणपाट गुंडाळलेले, आणि वर हिरव्या शेंड्यांची गर्दी. लग्नाच्या वऱ्हाडासारखी ही कलमे नाचत-डुलत जातात. कोणाच्या शेतात कोण जाणार, आणि बरोबर काय घेऊन जाणार, हे त्या घाईत कोणी कोणाला विचारत नाही.

विचारला जातो तो भाव. गेल्या पावसाळ्यात गावी गेलो असताना एका पन्हेरीवर मी अर्धा तास उभा होतो. (आमच्याकडे संत्र्याच्या रोपवाटिकेला पन्हेरी म्हणतात, शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्या तर दूरदूरवर प्रसिद्ध आहेत.) एक शेतकरी शंभर कलमे घ्यायला आला होता. कलमामागे पाच रुपये कमी करावेत म्हणून त्याने जी चिकाटी दाखवली, तिला तोड नाही. शेवटी सौदा तीन रुपयांवर तुटला. तीनशे रुपये वाचले. ज्या झाडाने पुढची पंचवीस वर्षे त्याच्या घराला पोसायचे, ते कुठल्या झाडाचे लेकरू आहे, हा प्रश्न त्याने केला नाही आणि पन्हेरीवाल्यानेही आपणहून काही सांगितले नाही.

मला त्या शेतकऱ्यात माझे बाबा दिसले. म्हणून हा लेख.

1990-91 साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल, गावोगाव एक उत्साह होता. ज्यांच्या विहिरीला जेमतेम पाणी, तेही संत्रा लावायला निघाले. आमच्या बाबांनी 1991 च्या पावसाळ्यात साडेतीन एकरांत चारशे कलमे लावायची ठरवली. योजनेतून अडीचशे मिळाली. उरलेली दीडशे त्यांनी बाहेरून, एका ओळखीच्या माणसाकडून, जवळजवळ निम्म्या भावात आणली. त्या रात्री जेवताना ते फार खुशीत होते. आई म्हणाली, "स्वस्तात मिळाली, म्हणजे काही खोट तर नाही ना?" बाबा हसले. म्हणाले, "अवं, कलमासारखं कलम. त्यात काय खोट असणार?"

दिसायला खरोखरच काही खोट नव्हती. उलट ती दीडशे कलमे जास्त तरारलेली होती. पाचव्या वर्षी अंबिया बहाराची पहिली फळे आली तेव्हाही फरक कळला नाही. सातव्या वर्षापासून मात्र विहिरीच्या खालच्या अंगाच्या ओळींत एकेका झाडाची एखादीच फांदी पिवळी पडू लागली. बाकीचे झाड हिरवेगार, आणि एक फांदी हळदीची. मग शेंड्याकडून वाळत येणे. मग बुंध्यातून डिंक. झाड मरायच्या आधीच्या वर्षी मात्र फुलांनी आणि बारक्या फळांनी लगडून जायचे. बाबांना वाटे, सुधारले. दादा सांगायचा, "हे सुधारणं नाही बाबा, हे निरवानिरव करणं आहे."

1999 ते 2004 या पाच वर्षांत त्या दीडशेपैकी शंभराहून अधिक झाडे गेली. 2004 च्या उन्हाळ्यात विहीर आटली, आणि चांगल्या अडीचशेतलीही बरीच वाळली. बाबांनी शेवटपर्यंत दोष पाण्याला दिला. मीही आजवर सरसकट दोष त्या स्वस्त कलमांवर टाकत आलो. खरे म्हणजे दोघेही अर्धवट होतो. ती दीडशे झाडे खोलगट जागेत होती, तिथे पावसाचे पाणी साचायचे, काळी भारी जमीन, आळ्यातले पाणी बुंध्याला टेकायचे. जंबेरीच्या खुंटाला अशा ओलीत मुळे कुजवणारी बुरशी लगेच धरते. डिंक्या तिचाच. तेव्हा नेमके कोण कशाने गेले, हे आता सांगता येणार नाही. पण त्या काळी विचारायलाही कोणी नव्हते, आणि आम्ही विचारायला गेलोही नाही. गेलो ते कृषी सेवा केंद्रात. तिथल्या माणसाने झाड न पाहता तीन बाटल्या दिल्या.

आता थोडे कलमाविषयी. शहरातल्या वाचकाने यावर कधी विचार केला नसेल, आणि त्याचा काही दोषही नाही. संत्र्याचे कलम म्हणजे दोन झाडांचा जोड. खाली खुंट, तो आमच्याकडे बहुधा जंबेरीचा, क्वचित रंगपूर लिंबाचा. जंबेरीच्या फळाचे बी वाफ्यात टाकायचे, रोप पेन्सिलीएवढे झाले की त्याच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे एवढासा कोंब, त्या चिरेत बसवून बांधायचा. याला डोळा भरणे म्हणतात. आमच्या भागातली काही माणसे दिवसाला शेकडो डोळे भरतात, आणि त्यांचा हात असा चालतो की पाहत राहावे.

यात निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. संत्रावर्गीय झाडांत विषाणू बहुधा बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. आईच्या अंगात रोग असला तरी बी बहुतेक वेळा निर्मळ निघते. डोळ्याचे तसे नाही. डोळा म्हणजे आईचा एक तुकडाच. तिच्या अंगात जे असेल ते सगळे तो घेऊन येतो. चांगल्या फळाचा गोडवा आणतो, तसा रोगही. एका रोगट झाडावरून हजार डोळे काढले तर हजार शेतांत तो रोग पोचला, आणि पोचवणारा माणूस स्वतः त्याविषयी पूर्ण अजाण असू शकतो.

यातल्या एका रोगाचे नावच 'ट्रिस्टेझा' आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत याचा अर्थ दुःख. 1930 आणि 40 च्या दशकांत ब्राझील आणि अर्जेंटिनातल्या लाखो झाडांना त्याने झोपवले. ती झाडे आंबट संत्र्याच्या खुंटावर होती, आणि त्या खुंटावरच्या झाडाला हा विषाणू सोसत नाही. तपकिरी-काळा मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आपला जंबेरीचा खुंट त्यामानाने सोशिक. पण सोशिक माणसाचे दुखणे जसे घरात उशिरा कळते, तसेच इथेही होते. झाड हिरवे दिसते, फळे देते, आणि मातृवृक्ष म्हणून त्याचे डोळे काढले जातात.

मग ओळखायचे कसे? याची एक जुनी रीत मला फार आवडते. संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरायचा. होय, आपल्या रोजच्या वरणभातावर पिळायचे तेच लिंबू. त्याला ट्रिस्टेझा मुळीच लपवता येत नाही. काही आठवड्यांनी त्याचे कोवळे पान उन्हासमोर धरले की शिरा जागोजाग पारदर्शक दिसतात. आता प्रयोगशाळेत याहून जलद तपासण्या होतात, पण लिंबाचे झाड साक्षीदार म्हणून उभे करण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याला शेतकऱ्याच्या घरात जागा मिळाली असती.

दुसरा रोग ग्रीनिंगचा. चीनमध्ये त्याला पिवळ्या शेंड्याचा रोग म्हणतात. हा विषाणू नव्हे, जीवाणू आहे, आणि तो झाडाच्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. पानावर पिवळे डाग पडतात, ते मधल्या शिरेच्या दोन बाजूंना सारखे नसतात. जस्ताची कमतरता असेल तर पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखा येतो. हा एवढा फरक मला पन्नाशीनंतर कळला, आणि तोपर्यंत आम्ही जस्ताच्या किती फवारण्या केल्या असतील याचा हिशेब नको. फळ लहान, एका अंगाने कलंडलेले, खालून हिरवेच राहणारे. फोडले तर आतल्या बिया बहुधा पोचट.

हा रोग पसरवणारा किडा म्हणजे सिट्रस सायला. मोहरीहून थोडा मोठा, तपकिरी, आणि पानावर बसला की शेपटाकडचा भाग वर करून असा तिरका बसतो की एकदा पाहिल्यावर विसरत नाही. अंडी घालायला त्याला फक्त कोवळी नवती लागते. निबर पानाकडे तो ढुंकून पाहत नाही. त्याची पिले पिवळी, चपटी, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या मेणाचे दोरे लोंबत असतात. म्हणजे नवती फुटते त्या आठवड्या-दोन आठवड्यांत लक्ष ठेवले तर एका-दोन फवारण्यांत काम भागते. ती वेळ चुकली की नंतर बारा फवारे मारा, पैसे गेले आणि बागेतले ढालकिडेही गेले. हेच ढालकिडे सायला आणि मावा फुकटात खात असतात.

फवारणीविषयी माझे मत थोडे कडवट आहे, ते सांगून टाकतो. आमच्या भागात शेतकरी कलमामागे तीन रुपये वाचवतो आणि त्याच कलमावर पुढे वर्षाला कितीतरी पट औषध ओततो. विक्रेताही खूश, कंपनीही खूश. पण विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बाहेर काढणारी बाटली कोणत्याही दुकानात मिळत नाही. केळीचे उदाहरण घ्या. 2020 मध्ये जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेरकडे, कुकुंबर मोझॅक विषाणूने नव्या लागवडी पिवळ्या पाडल्या आणि शेतकऱ्यांना उभी रोपे उपटून फेकावी लागली. हा विषाणू मावा वाहतो आणि त्याचा कारभार क्षणांचा असतो. रोगट पानात सोंड खुपसली की काही क्षणांत विषाणू सोंडेला लागतो, पुढच्या पानात खुपसली की काही क्षणांत तिथे उतरतो. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. इथे उपयोगी पडते ते बांधावरचे तण काढणे, काकडी-भोपळ्याचे वेल केळीपासून दूर ठेवणे, पहिले रोगट रोप दिसताक्षणी उपटणे, आणि सुरुवातीलाच निर्मळ रोप आणणे. पण ही कामे बाटलीत भरून विकता येत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

औषध नकोच असे मात्र मी म्हणणार नाही. बोर्डो मिश्रणावर तर माझा जीव आहे. फ्रान्समध्ये द्राक्षबागांवर केवडा आला होता. 1885 च्या सुमारास मियार्दे नावाच्या प्राध्यापकांनी मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण जगापुढे आणले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळे विरघळवायचे, चुना वेगळा, आणि तेही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. मग मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. पावसाळ्याच्या आधी बुंध्याला याचेच दाट मलम लावतात, त्यात पाणी दहा लिटरच. पांढऱ्या-निळ्या मोजे घातलेल्या झाडांच्या त्या ओळी पाहिल्या की शाळेच्या कवायतीची आठवण येते. पण बोर्डो बुरशीवर चालते, विषाणूवर नाही. बाबांना हा भेद शेवटपर्यंत मान्य नव्हता. त्यांच्या लेखी झाडाला ताप आला की बोर्डो.

त्या फ्रान्सच्या द्राक्षांची गोष्टही अशीच रोपांपासून सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा हा मुळे खाणारा बारीक किडा तिकडे पोचला आणि पुढच्या काही दशकांत त्याने फ्रान्सच्या द्राक्षबागा उजाड केल्या. उपाय मिळाला तोही कलमाचाच. अमेरिकन वेलीच्या सोशिक खुंटावर फ्रेंच द्राक्षाचा डोळा. ज्या दारातून दुखणे आले त्याच दारातून औषध आले म्हणायचे.

आपल्याकडे असे झालेलेच नाही असे नाही. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि बघता बघता तो दक्षिणेत पसरून महाराष्ट्रातही आला. फवाऱ्यांना तो दाद देईना. 2010 साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी प्युर्टो रिकोहून त्याच्या मूळ शत्रूंच्या, म्हणजे चिमुकल्या गांधीलमाश्यांच्या, तीन जाती आणून सोडल्या. त्यांतल्या एकीने एवढे चोख काम केले की वर्ष-दोन वर्षांत पपईवाले त्या ढेकणाला विसरूनही गेले. पण अशी मेजवानी दरवेळी मिळत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ग्रीनिंग 2005 मध्ये सापडला. त्याच्या आधी, 2003-04 च्या हंगामात, तिथे संत्र्यांच्या 24 कोटींहून अधिक पेट्या निघत होत्या; 2022-23 मध्ये 1 कोटी 60 लाखांच्या आसपास उरल्या. मधे चक्रीवादळेही झाली, पण कंबर मोडली ती ग्रीनिंगने. तिथे पैसा कमी नव्हता, विद्यापीठे कमी नव्हती. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने 2003 पासून संत्र्याची रोपे जाळीबंद घरातच वाढवली पाहिजेत असा नियम केला, तरी 2004 मध्ये रोग तिथेही आला. मग जाळीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग एवढाच की निदान नवीन बाग पहिल्या दिवशी निरोगी असते. लेकराला जन्मतःच दुखणे देऊन मग डॉक्टरकडे धावायची वेळ येत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे कोणी समजू नये. फळरोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात 1969 पासून आहे. परवाना हवा, खुंट आणि डोळा कुठून आणला त्याची नोंद हवी. नागपुरात 1985 पासून संत्र्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे शेंड्याचे टोक, तेही मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे, सूक्ष्मदर्शकाखाली कापून परीक्षानळीत अंधारात वाढवलेल्या इवल्याशा रोपावर बसवतात. शेंड्याच्या अगदी टोकाशी विषाणू बहुधा पोचलेला नसतो, म्हणून त्यातून निर्मळ झाड मिळू शकते. मी ते एकदा पाहिले. सोनाराला लाजवणारे काम. अशा झाडांपासून पुढे मातृवृक्ष आणि त्यांवरून डोळे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 1,765 कोटी रुपयांची स्वच्छ रोप योजना मंजूर केली असून तिच्यातल्या देशभरच्या नऊ केंद्रांपैकी एक नागपूरला, संत्र्यासाठी आहे.

मग अडते कुठे? हा प्रश्न मी आमच्या ओळखीच्या एका पन्हेरीवाल्याला केला. वय सत्तरीचे, हात अजून स्थिर. ते जे म्हणाले ते मला वकिलाच्या युक्तिवादापेक्षा वजनदार वाटले. "साहेब, मी पिशवीतलं, जाळीतलं कलम बनवलं तर त्याचा खर्च दुप्पट येते. गिऱ्हाईक येते, दोन्ही कलमं हातात धरते आन् सस्तं घेऊन जाते. मंग मी कोनासाठी बनवू? तुमच्या बाबानं भाव पायला. डोळा कोन्या झाडाचा हाय, थे नाई इचारलं."

त्यांना माझ्या बाबांची ती दीडशे कलमे ठाऊक होती. गावात अशा गोष्टी तीस वर्षे टिकतात.

मला वाटते, पन्हेरीवाल्यावर छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. हजारो कुटुंबांचे पोट त्या वाफ्यांवर आहे, आणि त्यांतले बहुतेक लबाड नाहीत. त्यांना तपासलेले डोळे स्वस्तात आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे रोपे घेण्याऐवजी उन्हाळ्यात माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवून घेणे, डोळा जमिनीपासून नऊ इंच वर भरणे, या गोष्टी त्यांना परवडल्या पाहिजेत. आणि गिऱ्हाइकाने पावतीवर मातृवृक्षाची नोंद मागितली पाहिजे. आपण सोन्याचा शिक्का पाहतो, दुधाची तारीख पाहतो. पंचवीस वर्षांच्या झाडाची कुळकथा मात्र आपल्याला नकोशी होते, आणि लग्नाच्या स्थळाची सात पिढ्यांची हवी असते!

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, आमचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुमच्या गॅलरीत आहे. कढीपत्ता आणि कुंती ही दोन्ही झाडे संत्र्याच्याच गोतातली, आणि सायलाला ती फार प्रिय. फुटपाथवरच्या गाडीवरून आणलेल्या लिंबाच्या कुंडीतून किंवा गावाहून पिशवीत घालून आणलेल्या रोपातून किडे आरामात प्रवास करतात. आमच्या पुण्याच्या गॅलरीतही लिंबाची एक कुंडी आहे. तिच्यावर दरवर्षी लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. आमच्या सौभाग्यवती त्यांना हात लावू देत नाहीत. चार पाने खाल्ली तर काय बिघडले, फुलपाखरू तर होईल, असे त्यांचे म्हणणे. चार नव्हे, चाळीस खातात. पण हा भाग वेगळा. कुंडी कुंडीत राहते तोवर अळीने खाल्लेल्या पानाचे दुःख नको. तीच कुंडी उचलून गावाकडच्या बागेत नेऊन लावू नका, एवढीच विनंती आहे. मी स्वतः 2016 मध्ये हा उद्योग केला होता, आणि दादाने ते रोप गाडीतून उतरूही दिले नव्हते. तेव्हा मला राग आला होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

बाबांच्या 1991 च्या बागेतली सत्तर-बाहत्तर झाडे अजून उभी आहेत. गेल्या वर्षी दादाने त्यांतल्या काहींची पाने तपासायला पाठवली. वीस झाडांत ग्रीनिंग निघाला. झाडे मेलेली नाहीत. दोन-दोनशे फळे देतात, बारकी, वाकडी. रसवाला घेऊन जातो. आईच्या औषधपाण्याचा खर्च त्यातून निघतो. आणि या झाडांना लागून, फक्त एका बांधापलीकडे, शेजारच्या मुलाने नवी बाग लावली आहे. सहाशे कलमे, सगळी पिशवीतली, जाळीत वाढवलेली, पावतीसकट. त्यासाठी त्याने कर्ज काढले आहे. दादाला तो काका म्हणतो. एका संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला, चहा घेतला, पावसापाण्याचे बोलला, आणि जाता जाता म्हणाला, "काका, त्या झाडांचं काही ठरवलं का?" बस, एवढेच.

सायला बांध ओळखत नाही. आमच्या झाडांवर नवती फुटेल तेव्हा ती त्याच्याही झाडांवर फुटेल. हे दादाला माझ्यापेक्षा चांगले कळते. पण फळ देणारे झाड तोडणे म्हणजे काय, हे ज्याने झाड लावले त्यालाच विचारावे. लागवडीची योजना आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; रोगट झाड काढून टाकणाऱ्याला भरपाई देणारी योजना मी तरी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. माझे स्पष्ट मत आहे की ती असावी, आणि तिचा पैसा हातात पडेल इतकी ती सोपी असावी. एकट्या माणसाने शेजाऱ्याच्या भल्यासाठी आपले उत्पन्न कापून टाकावे, ही अपेक्षा कीर्तनात ठीक आहे. पण भरपाई येईपर्यंत थांबायचे म्हटले तर सहाशे कलमांचे काय?

दिवाळीत आम्ही दोघे भाऊ यावर दोन रात्री बोललो. मी म्हणालो, वीसच काढ. तो म्हणाला, वीस तपासली म्हणून वीस सापडली. बाकीच्यांत नाही हे कोण सांगणार? मी म्हणालो, मग सगळी तपास. तो म्हणाला, "तपासून काय करू? डोळ्यांना दिसतं आहे." आई आत जागी होती. सकाळी तिनेच विषय काढला. "विहिरीजवळचं ते पहिलं झाड तुमच्या बाबांनी माझ्या हातानं लावून घेतलं होतं," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली, आणि दादाला म्हणाली, "बहार उतरू दे. मग पाहून घे तू."

अंबिया बहाराची फळे उतरून झाली. रसवाला त्याचे नेहमीचे पैसे देऊन गेला. परवा दादाचा फोन आला होता. त्याने पन्नास झाडे मुळासकट काढली, आणि सायला उडून बांधापलीकडे जाऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी त्यांच्यावर फवारा मारून घेतला. शेजारचा पोरगा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला होता, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. बाकीची झाडे पुढच्या आठवड्यात. विहिरीजवळच्या झाडाचे विचारायचे माझ्या तोंडात आले होते, पण आई शेजारीच बसलेली असावी, कारण दादा एकदम पाण्याचे बोलू लागला.